पंढरीशेठचा उजेड

प्रकाश कधी खोटं बोलत नाही.

हे वाक्य मी आमच्या वाशीच्या हौशी फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा त्याला दोन अंगठे आले. त्यातला एक ॲडमिनचा होता, आणि ॲडमिन मीच आहे. दुसरा चुकून लागला होता, असं त्या गृहस्थांनी नंतर भाजीबाजारात भेटल्यावर सांगितलं. तेव्हा या वाक्याच्या जबाबदारीत मला कोणी वाटेकरी नाही. आणि बोनकोड्यात जे झालं त्यानंतर ते एकट्याने अंगावर घ्यायची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

पन्नाशीत माणसाला मधुमेह होतो किंवा कॅमेरा. मला दोन्ही झाले. कॅमेरा नव्या जमान्यातला, आतला आरसा काढून टाकलेला, माणसाचा डोळा शोधून काढून त्याच्याभोवती चौकट आखणारा. त्याच कंपनीचा फ्लॅश घ्यायला गेलो, किंमत ऐकली आणि दुकानदाराकडे पाणी मागितलं. त्या भल्या माणसाने पाण्याबरोबर काउंटरखालून दुसराच एक फ्लॅश काढला. कंपनी परकी, नाव शिंक अर्धवट राहिल्यासारखं. "सर, सेम टू सेम," तो म्हणाला, "फक्त खानदान वेगळं." मी एकाऐवजी दोन घेतले.

एक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसे. कॅमेरा त्याला ओळख दाखवत नसे. पडद्यावर स्वतःच्या कंपनीच्या फ्लॅशचं नाव येतं, तिथे याच्या वाट्याला नुसती एक रेघ येई. पण काम चालून जाई. दुसरा लांब कुठेतरी ठेवायचा, आणि पहिला लखलखला की त्याचं बघून हाही लखलखायचा. ना वायर, ना काही. हे मला फार आवडलं होतं. यातली खोड एकच. जरा वेळ कोणी काम सांगितलं नाही की तो दुसरा झोपे. झोपला की पहिला कितीही लखलखू दे, हा ढिम्म. मग जाऊन बोटाने त्याला उठवावं लागे, आणि उठताना तो बारीक चिरका आवाज करी, कानाशी आलेल्या डासासारखा. मी पंचवीस वर्षं एका महामंडळात काढली आहेत. मला त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही.

माझी बहीण नंदिनी जुईनगरला राहते. तिच्या मुलीने, मनस्वीने, कंपनीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या तेजसशी लग्न ठरवलं. तेजस बोनकोड्याचा, आगरी. आम्ही साताऱ्याकडचे. आमच्याकडे यावर बरीच कुजबुज झाली. मग सगळे जाऊन मुलाच्या घरची चार मजली इमारत बघून आले, आणि कुजबुज थांबली.

अडलं ते तिकडे. तेजसचे वडील पंढरीशेठ यांनी मुलीचा फोटो बघितला आणि म्हणाले, "ही पोरगी या घरान नको." कारण सांगितलं नाही. ते कारणं सांगणाऱ्यांतले नव्हते. पुढे एका सकाळी चहा पिता पिता ते गेले, तेही कारण न सांगताच.

तेजसच्या हिशेबाने प्रश्न तिथे मिटला. "आई, बाबांचा विरोध होता. होता. आता बाबाच नाहीत तर विरोध कुणाचा?"

त्याची आई गोजराबाई. उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघणारी बाई. ती म्हणाली, "जिता मानूस एकांदे वेलेस तरी ऐकतो. मेलेला कसा ऐकंल?"

कॉम्प्युटर इंजिनिअर ताटावरून उठला.

तिला हे लग्न हवं होतं. मुलगा जेवत नव्हता, आणि मुलगी तिला स्वतःलाही आवडली होती. पण नवऱ्याचा शब्द ओलांडून सून घरात आणायची, हे तिच्याच्याने होईना. त्यात दीर बाजीराव. गळ्यात चेन, दोन्ही खिशांत मोबाइल, तोंडात सदा दादा. त्याने स्पष्टच सांगितलं, "वयनी, दादाचा शब्द हाय. दादा हो बोलला तर मी वरातीन नाचतो. नाय बोलला तर भावकीतलं एक मानूस मांडवान दिसनार नाय."

"पन ते बोलनार कसं?"

"कौल लावू."

कौल लावला. गावदेवीच्या मूर्तीला उजवीकडे एक, डावीकडे एक अशी ओली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. देवीने दोन्ही फुलं धरून ठेवली. सगळे दुपारपर्यंत उभे राहिले, शेवटी भगत म्हणाला, "आई यान पडत नाय. ज्याचा शब्द हाय त्यालाच इचारा." म्हणजे मांडवाच्या दिवशी धवलारीण गाण्यातून घरातल्या पितरांना लग्नाचं आवतण देते, तेव्हा पंढरीशेठ घरी येणारच, त्या वेळी त्यांच्या फोटोला फुलं लावून विचारायचं. उजवं पडलं तर हळद. डावं पडलं तर मांडव सोडायचा.

वाशीचा हॉल, जेवण, घोडा सगळं सांगून झालेलं होतं. नंदिनीने मला फोन केला. "दादा, फोटो तू काढ. लग्न मोडलं तर निदान बाहेरच्या फोटोग्राफरसमोर शोभा नको."

मांडवाच्या दिवशी दुपारीच मी दोन्ही फ्लॅश घेऊन बोनकोड्याला पोचलो. खालच्या मजल्यावर जिम, वर घर. आतल्या खोलीत भिंतीपासून हातभर पुढे चौरंग मांडून त्यावर पंढरीशेठचा मोठा फोटो ठेवला होता. कुणाच्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. शेजारचा माणूस पुसताना स्टुडिओवाल्याने त्याची चार बोटं पुसायची ठेवली होती. ती पंढरीशेठच्या उजव्या खांद्यावर तशीच राहिली होती. माणूस नाही, हात नाही, नुसती बोटं. आणि पंढरीशेठ त्या बोटांकडे लक्ष न देता सरळ माझ्याकडे बघत होते.

मी दुसरा फ्लॅश फोटोच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला. गोजराबाई आली.

"मामा, ह्ये काय लावलात त्यांच्या पाठीशी?"

"लाइट आहे, विहीणबाई. मागची भिंत उजळते. फोटो छान येतो."

"बघू."

मी मागचं लाल बटण दाबलं. भिंत पांढरी झाली आणि विझली. गोजराबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला, घरात मोठं माणूस आल्यावर ओढतात तसा.

"आयो," ती म्हणाली. "त्यांच्याच आंगातून आल्यासारका."

मग ती फोटोची फ्रेम सरळ करायला लागली. फ्रेमच्या मागचा आधाराचा पाय मोडला होता, सोडली की पुढे कलायची.

तिन्हीसांजा व्हायच्या आधी सगळे खोलीत जमले. बाजीरावने पडदे ओढले, पंखा बंद केला, कारण वाऱ्याने फूल पडलं तर ते कौलात धरत नाहीत. "मोबाइल खिशान. मामा, तुमचा कॅमेरा पिशवीन. यो फोटो काढायचा कारेक्रम नाय." मी कॅमेरा बंद करून, पहिला फ्लॅश उतरवून, दोन्ही पिशवीत ठेवले. मागचा दुसरा तिथेच राहिला. तेजसला बाहेर बसवलं होतं. दाराच्या फटीतून त्याच्या नव्या झब्ब्याची बाही दिसत होती. मनस्वी जुईनगरला, हातावर मेंदी काढून, फोनकडे बघत.

समई लावली. गोजराबाई चौरंगाच्या शेजारी पाटावर बसली, एका हाताने फ्रेम मागून धरून, दुसऱ्या हाताने पदर तोंडाशी. पुतळाबाई धवलारीण भिंतीला टेकली. अंगाने काडी, आवाज मात्र खाडीपलीकडे जाईल असा. तिने आधी देवांना बोलावलं. देव आटोपल्यावर घरातल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन, लग्नाला या, मांडवात बसा. मिठागरावर साप चावून गेलेला एक जण होता. खाडीत होडी उलटून गेलेले दोघे भाऊ. नाव ठेवायच्या आधी गेलेलं एक मूल होतं, त्याला तिने नुसतं "बाला" म्हणून बोलावलं. प्रत्येक नावाला जरा थांबे, जणू पायातल्या वहाणा काढायला वेळ देतेय. खोलीतली हवा जड होत चालली. मी सायन्स ग्रॅज्युएट आहे. तरी एका नावाला मी पाय आखडून घेतले, कुणाला तरी जागा व्हावी म्हणून.

शेवटी ती म्हणाली, "पंढरी, माजे बाला, तुजे लेकाचा मांडव हाय. तू ये."

समईची वात सरळ उभी होती.

बाजीरावने दोन झेंडूची फुलं पाण्यात बुडवून फोटोवर लावली. प्रश्न गोजराबाईने विचारायचा होता. तिने तो विचारला, इतक्या हळू की आम्हाला फक्त शेवटचं "हो का नाय" ऐकू आलं.

फुलं हलली नाहीत. आता अशा फोटोंना काच नसते, वरून प्लास्टिक लावलेलं असतं. त्याला ओलं फूल असं बसतं की पुढच्या लग्नापर्यंत निघू नये. हे मला तेव्हाच सुचलं, पण तिथे बोलायची सोय नव्हती. पुष्कळ वेळ गेला. कुणाचा तरी गुडघा वाजला. खालून जिममधला लोखंड आपटल्याचा आवाज यायचा आणि सगळे दचकायचे. बाजीरावच्या कपाळावर घाम आला होता.

"दादा, बोल ना रे," तो म्हणाला. आणखी थोड्या वेळाने, "दादाला नाय पसंत, वयनी. उठा."

"अजून बोल्ले नाय ते," गोजराबाई म्हणाली. डोळे मिटलेले, गालांवर पाणी.

"गप बसलाय म्हंजे नायच ना?"

आणि मग तो आवाज आला. बारीक, चिरका, लांबत जाणारा. दातांतून श्वास आत ओढावा तसा. तो फोटोतून येत होता. सगळ्यांनी ऐकला. बाजीराव मागे सरकला.

आवाज थांबतो न थांबतो तोच पंढरीशेठच्या मागून उजेड फुटला. फोटो काळा पडला आणि त्याच्या भोवती, डोक्यामागून, खांद्यांवरून, सगळी भिंत पांढरी झाली. ती चार बोटंही काळी झाली. मग परत समई.

बाजीराव चेनसकट जमिनीवर आडवा पडला. "दादा! दादा रे!"

"काय बोल्ला पन?" मागून कुणीतरी विचारलं. "हो का नाय?"

याचा निवाडा पुतळाबाईने केला. "राग आसता तर समई इझवली आसती. त्यान उजेड केलाय."

हळद लागली. रात्री बाजीराव नाचला, आणि नाचताना दर गाण्याला वर आभाळाकडे बोट करत होता. नंदिनीने मला जिन्यात गाठलं. "दादा, खरं सांग. तुझाच होता ना तो?"

"फ्लॅश माझा."

"मग?"

"मग काही नाही. तू जेवून घे."

कारण मला तो आवाज ओळखीचा होता. तो फ्लॅश जागा होतानाचा आवाज होता. दुपारपासून त्याला कोणी काम सांगितलं नव्हतं, म्हणजे तो गाढ झोपलेला असणार, आणि झोपलेला फ्लॅश दुसऱ्या कुणाच्या उजेडाला उठत नाही. शेजारच्या इमारतीत, गल्लीत कुठेही फोटो काढले जात असते तरी याला पत्ता लागला नसता. माझा कॅमेरा पिशवीत होता. खोलीतल्या कुणाचा मोबाइल खिशाबाहेर नव्हता. एकटी गोजराबाई फोटोजवळ होती आणि ती नवऱ्यासाठी रडत होती. तरी तो उठला होता. कोणीतरी त्याला उठवलं होतं.

तिथून माझा त्रास सुरू झाला.

घरी आल्यावर मी फ्लॅश फ्रिजवर ठेवला, झोपू दिला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. पहिल्या फ्लॅशने लखलखाट केला. टॉर्च मारली. गॅसचा लायटर ओढला. मिक्सर चालू-बंद केला. हा ढिम्म. बायको गीतांजली देवपूजा आटोपून आली.

"फ्रिजसमोर काय करतोयस?"

"वाट बघतोय."

"कशाची?"

मी फ्रिजवर बोट दाखवलं. तिने माझी साखर तपासली.

ज्या दुकानातून फ्लॅश आणला तिथे गेलो. दुकानदाराने तो उलटासुलटा केला, कानाशी हलवला आणि म्हणाला, "सर, कॉपी माल आहे. कधी कधी होतं." माझ्या मते जगातल्या सगळ्या धर्मग्रंथांचं सार याहून वेगळं नाही. पण मला त्याने बरं वाटलं नाही.

दुपारी डोळा लागला की तो बारीक आवाज यायचा. उठून बघावं तर पंखा. मी फ्लॅशमधल्या बॅटऱ्या काढल्या आणि त्या दुसऱ्या खोलीत ठेवल्या, एकमेकांना दिसू नयेत अशा. फ्लॅश टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला. मग टॉवेल लागायचा तेव्हा कपाट उघडायला नको वाटू लागलं. ग्रुपवरच्या लोकांना मी शटर आणि प्रकाशाबद्दल उपदेश करायचं बंद केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. लग्नाचे फोटो निवडताना जिथे जिथे कोपऱ्यात पंढरीशेठची फ्रेम होती, तिथे कॅमेऱ्याने डोळा शोधायची चौकट नवरीवर न आखता त्यांच्यावर आखलेली होती. यंत्र आहे, त्याला डोळे दिसले की पुरे. हे मी स्वतःला बऱ्याचदा समजावलं. पण फोटोंची निवड अर्धवटच राहिली.

पावसाळा गेला. भाद्रपदात मनस्वीचा फोन आला.

"मामा, एक विचारू? आई खूप चांगल्या आहेत. सगळं करतात माझं. पण बाबांच्या फोटोसमोर मला दिवा लावू देत नाहीत."

"सोवळं असेल."

"सोवळं? मामा, यांच्याकडे नाश्त्याला सुकट असते."

"मग?"

"मी त्या खोलीत गेले की त्या मध्ये येऊन उभ्या राहतात. माझ्या आणि फोटोच्या मध्ये. जणू तो काहीतरी फेकून मारणार आहे मला. आता पितरांचे दिवस आलेत. बाबांच्या पानाला मी हात लावायचा नाही म्हणाल्या. बाजीरावकाका म्हणतात, दादाने उजेड केला ना, मग आता काय? तर ह्या गप्पच. मामा, त्यांना मी नकोय का?"

मी कपाट उघडलं. टॉवेलसकट फ्लॅश पिशवीत टाकला, बॅटऱ्या वेगळ्या खिशात, आणि बोनकोड्याला गेलो. एक तर पोरीचा प्रश्न होता. आणि खरं सांगायचं तर मला ती खोली परत बघायची होती.

गोजराबाईने चहा टाकला. आत स्वयंपाकघरात मनस्वी मिक्सरवर वाटण करत होती. फोटो आता भिंतीवर टांगला होता, चंदनाचा हार घालून. मी टॉवेल उलगडला तशी गोजराबाईने हातातली बशी खाली ठेवली.

"ते कशाला आनलात परत?"

"विहीणबाई, तुम्हाला खोटं सांगत नाही. मला झोप नाही. हे यंत्र त्या दिवशी झोपलेलं होतं. झोपलेलं यंत्र कुणाचं ऐकत नाही. मी सगळे प्रयोग करून बघितले. मग ते जागं कसं झालं?"

तिने मिक्सरच्या आवाजाकडे कान दिला. उठून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. परत येऊन बसली आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली,

"मी दाबलं."

"काय?"

"लाल बटन. तुमी दुपारचे दाबून दाखवलात तसंच. हात मागंच हुता ना माजा."

इतके महिने ज्या काही शक्ती माझ्या डोक्यात मुक्कामाला होत्या, त्या सगळ्या उठल्या आणि निरोपही न घेता चालत्या झाल्या. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही असतं. पण गोजराबाई रडत होती.

"अहो, मग चांगलंच केलंत की. पोरांचं भलं झालं."

"मामा, तुमाला ठावं नाय." तिने आवाज अजून खाली आणला. "मी त्यांना फसवाया नव्हतं दाबलं. मी मनान बोल्ले, फुलं काय पडत नाय, आता मी नुसता बोट ठेवतंय, लावायचा का नाय ते तुमी ठरवा. आन दाबलं. तर नुसता त्यो आवाज. कालोख. म्हंजे ते नाय बोल्ले."

मिक्सर थांबला, परत सुरू झाला.

"मंग दारातून पोराची बाही दिसली मना. नवा झब्बा. मी परत दाबलं, जोरान. पस्तीस वर्सांत त्यांनी नाय बोल्ल्यावर मी परत कंदी इचारलं नाय हो. कंदीच नाय. आन मेल्यावर त्यांच्याकडून दाबून हो बोलवून घेतलं." तिने पदराने डोळे पुसले. "म्हनून पोरीला फोटोम्होरं जाव देत नाय. राग माज्यावर हाय त्यांचा. तिच्यावर नको निंगाया."

मी बॅटऱ्या घातल्या, फ्लॅश सुरू केला आणि चहाच्या ट्रेवर, तिच्यासमोर ठेवला. मागे लाल दिवा लागला.

"आता काय?" तिने विचारलं.

"आता चहा प्यायचा. याच्याकडे लक्ष द्यायचं नाही."

आम्ही चहा प्यालो. तिने वाशीच्या पाण्याची चौकशी केली, मी जिमवाल्याच्या भाड्याची. तिचं अर्धं लक्ष त्या लाल ठिपक्यावर होतं. चहा संपला, मग नुसतेच बसलो. कधीतरी तो ठिपका विझला.

"इझला," ती म्हणाली.

"झोपला. आता दाबा."

तिने हात साडीला पुसला आणि बटण दाबलं. तो आवाज आला, बारीक, लांबत जाणारा. उजेड नाही. तिने आधी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लाल दिवा येऊ द्या," मी म्हणालो. "आला. आता परत दाबा."

दाबलं. खोली उजळली आणि विझली.

ती म्हणाली, "परत निजवा त्याला."

परत निजवला. या वेळी गप्पा नाहीत. दोघं त्याच्या उशाशी बसल्यासारखे बसून राहिलो. पहिल्या बोटाला नुसता जागा झाला. दुसऱ्याला लखलखला.

"म्हंजे पयले बोटाला कंदीच लागत नाय?"

"झोपलेला असला तर कधीच नाही. पहिल्याने फक्त उठतो."

"म्हंजे ते नाय बोल्ले नव्हते."

"नाही."

तिने जरा विचार केला. "आन दुसऱ्यांदा हो पन बोल्ले नव्हते."

इथे मी अडखळलो. नंदिनी असती तर तिने मला चिमटा काढला असता. "नाही," मी म्हणालो. "तसं म्हटलं तर, नाही."

ती फोटोकडे बघत राहिली. पंढरीशेठ, खांद्यावर कुणाचीतरी चार बोटं, सरळ समोर नजर.

"जिते हुते तवाही आसंच," ती म्हणाली. "मी इचारायची, ते भितीकडं बघायचे. नाय ते मीच धरून चालायची."

मग तिने डोळे कोरडे केले, पदर खोचला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "मनस्वी! मिक्सर बंद कर नि हात धुऊन ये. बाबांपुढं दिवा लावायचाय."

मनस्वी ओल्या हातांनी दारात आली, माझ्याकडे बघितलं, ट्रेवरच्या फ्लॅशकडे बघितलं. गोजराबाई तिच्या आणि फोटोच्या मधून बाजूला झाली आणि काडेपेटी तिच्या हातात दिली. वात जरा ओली होती, दुसऱ्या काडीला धरली.

मी टॉवेल गुंडाळत होतो. गोजराबाईने जाता जाता त्या फ्लॅशकडे वळून बघितलं.

"मामा, पन ह्यानं मदीच निजायचं आसं ठेवलंय कशाला?"

"बॅटरी वाचावी म्हणून," मी म्हणालो. "मेनूत जाऊन बंद करता येतं ते."